दलिंदाचं नोंदघर

समुद्रकाठच्या स्फाक्स शहराच्या विभागीय प्रयोगशाळेत रक्त द्यायच्या खिडकीमागून एक अरुंद बोळ जातो. बोळाच्या टोकाला जाड दार, आत बारमाही थंडी आणि पंख्यांची घरघर. ती दलिंदा गर्माझीची खोली. तिला सर्व्हरची खोली असं कुणीच म्हणत नसे, सगळे 'फ्रिज' म्हणत. उन्हाळ्यात खिडकीवरची मबरूका घामाने निथळत यायची, दार ढकलायची आणि म्हणायची, "दलिंदा, जरा बसू दे गं तुझ्या फ्रिजात. टोपलीत विसरलेल्या मासळीसारखी झालेय मी."

"बस की. पण तारांना हात लावू नकोस."

"तुझ्या तारांना कशाला लावू? इथे स्वतःच्या नवऱ्याला हात लावायला सवड नाही मला!"

दलिंदा चाळिशीची, उंच, सावकाश बोलणारी. मूळची समोरच्या करकेना बेटावरची. बेटावरची माणसं मंद, असं स्फाक्सवाले म्हणतात. आणि स्फाक्सवाले कवडीचुंबक, असं बेटावरचे म्हणतात. दलिंदाने दोन्हीकडचं ऐकून घेतलं होतं आणि दोन्हीकडे हसून सोडून दिलं होतं.

तिच्या ताब्यात तीन मोठे सर्व्हर होते. एकेकाच्या पोटात आठ-दहा आभासी सर्व्हर राहायचे, एका इमारतीत बिऱ्हाडं राहावीत तसे. कुणाकडे रक्तगटांची नोंद, कुणाकडे तपासण्यांचे निकाल, कुणाकडे रक्ताच्या पिशव्यांचा हिशेब. गाबेसपासून गफ्सापर्यंतची इस्पितळं याच बिऱ्हाडांकडे विचारणा करायची. इमारत डगमगली की सगळी बिऱ्हाडं एकदम रस्त्यावर.

त्या उन्हाळ्यात इमारत डगमगायला लागली. दर बुधवारी नाही, पण डगमगली की बुधवारीच, आणि सकाळी दहाच्या सुमारालाच. पडदे गोठायचे, निकाल अडकायचे, मग एक मोठा सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. तोवर मबरूकाच्या खिडकीपुढे रांग लागलेली असे आणि रांगेतली म्हातारी माणसं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असत. एकदा तर गफ्साच्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाई होती, आणि रक्तगटाची खात्री फोनवर, कागद शोधून करावी लागली. बाई वाचली. पण तो फोन मबरूकाने घेतला होता. नंतर ती फ्रिजात येऊन बसली, आणि त्या दिवशी तिने एकही विनोद केला नाही.

बुधवारी दहाला आणखी एक गोष्ट व्हायची. वीजघरातला लाझर कम्मून जनरेटर चालवून बघायचा. लाझर निवृत्तीला टेकलेला, मिशांना रंग लावणारा, कानामागे मोगऱ्याची जुडी खोचून कामावर येणारा माणूस. बुधवारी दहा आणि बुधवारी दहा. लोकांनी दोन आणि दोन चार केले.

सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर राजधानीहून आला आणि अहवाल लिहून गेला: विजेच्या प्रवाहात व्यत्यय. संचालक डॉ. तौहामी फुरातींनी सगळ्यांना बोलावलं आणि लाझरला मानाचं 'सी' लावूनच सुरुवात केली.

"सी लाझर, तुमचा जनरेटर आमचा जीव घेणार आहे."

"साहेब, वल्ला, देवाशपथ, माझ्या जनरेटरने खोलीतला दिवासुद्धा लुकलुकत नाही. मध्ये बॅटऱ्या आहेत. हवं तर एका बुधवारी मी तो चालवतच नाही. बघा काय होतं ते."

तसं केलं. त्या बुधवारी जनरेटर गप्प राहिला आणि सर्व्हरही सुरळीत चालले. झालं! लाझरने स्वतःच्याच हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. डॉक्टर फुरातींनी त्याची बदली गाबेसच्या गोदामात करायचं ठरवलं. उन्हाळा संपला की जायचं.

बोळात लाझर दलिंदाला भेटला. कानामागे जुडी नव्हती.

"पोरी, तुला काय वाटतं? खरं सांग."

"लाझरकाका, मला ठाऊक नाही."

"म्हणजे तुलाही वाटतं मीच?"

"वाटण्याचं सोडा. मला ठाऊक नाही असं म्हणतेय मी. आणि ठाऊक असायला हवं होतं. ती खोली माझी आहे."

हे तिला फार लागलं होतं. प्रत्येक यंत्र आपण काय केलं, आपल्याला काय झालं ते ओळीओळीने लिहून ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. पण तिचे मोठे सर्व्हर एका इवल्याशा कार्डावरून सुरू व्हायचे आणि आपला लॉग नुसत्या स्मृतीत ठेवायचे. पडून उठले की मागचं सगळं पुसलेलं. मार खाल्लेला माणूस शुद्धीवर यावा आणि कोणी मारलं तेच त्याला आठवू नये, तसं. उरला लॉग डिस्कच्या पेटीचा, जिच्यात सगळ्या सर्व्हरांचा साठा असे; त्यात 'संपर्क तुटला' एवढंच होतं, आणि इंजिनियरने तेवढ्याच एका साक्षीवर निकाल देऊन टाकला होता.

दलिंदा डॉक्टर फुरातींकडे गेली.

"मला एक नोंदघर उभं करायचंय, डॉक्टर. सगळ्या यंत्रांनी आपला लॉग घडेल तसा तिथे पाठवायचा. मोठे सर्व्हर, त्यांच्या पोटातले, डिस्कची पेटी, त्यांच्यातली वाहतूक सांभाळणारा स्विच, बॅटऱ्या, सगळ्यांनी. मग यंत्र मेलं तरी त्याचं बोलणं मरणार नाही."

"आणि त्यासाठी किती मागणार आहेस?"

"काही नाही. मोडीत काढलेला जुना सर्व्हर मागच्या खोलीत पडलाय तो द्या. सॉफ्टवेअर फुकट मिळतं."

"फुकट म्हटलंस म्हणून हो म्हणतो," डॉक्टर म्हणाले. ते पक्के स्फाक्सचे होते.

उन्हाळ्यात कचेऱ्या दुपारी दोनला सुटतात आणि गाव समुद्राकडे पळतं. दलिंदा मागे थांबायला लागली. जुन्या सर्व्हरची धूळ झाडली, डिस्क बसवल्या, एकेका यंत्राला नवा पत्ता शिकवला: आता तुझं म्हणणं इकडे पाठव. काही यंत्रं पहिल्या सांगण्यात ऐकायची, काही अडून बसायची. डिस्कच्या पेटीने तर दोन दिवस तिचा अंत पाहिला. शेवटी मध्ये कुणीतरी जुन्या काळी घातलेला अडसर सापडला, तो काढल्यावर पेटी घडाघडा बोलू लागली.

आणि बोलू लागल्यावर दलिंदाने कपाळावर हात मारून घेतला. एकाच खोलीत तीन वेगवेगळ्या वेळा होत्या! मोठे सर्व्हर ग्रीनिचची वेळ लिहायचे, आपल्यापेक्षा तास मागे. त्यांच्या पोटातले सर्व्हर आपल्या वेळेवर. आणि डिस्कची पेटी आली तशीच लावलेली, पॅरिसच्या वेळेवर. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, आपण करत नाही, त्यामुळे ती तासाने पुढे. तास तरी वजाबाकी करून समजला असता. पण त्यावर प्रत्येकाचं घड्याळ काही मिनिटं आपापल्या मर्जीने चुकत होतं. दहाच्या आसपास आधी काय झालं आणि नंतर काय, हे देवालाही सांगता आलं नसतं. आणि इंजिनियरने सांगितलं होतं.

तिने सगळ्यांना एकाच घड्याळाला बांधलं. मग वीजघरात जाऊन लाझरला म्हणाली, "काका, तुमच्या जनरेटरचं घड्याळ कोण लावतं?"

"मी. मनगटावरचं बघून."

"आणि मनगटावरचं?"

"मशिदीच्या बांगेवरून."

"आता माझ्यावरून लावा. बांग देत नाही मी, पण चुकतही नाही."

लाझर बऱ्याच दिवसांनी हसला.

पुढच्या बुधवारी सर्व्हर पडला. मबरूका धावत आली, "पडला गं! आता सांग बाई, कुणी मारला ते!" दलिंदाने नोंदघर उघडलं. नोंदी सोमवारीच थांबल्या होत्या. निकाल छापणारा एक बडबड्या सर्व्हर क्षणाक्षणाला 'मी छापलं, मी छापलं' असं लिहीत बसला होता. त्याने सगळी डिस्क भरून टाकली आणि खऱ्या साक्षीदारांना तोंड उघडायला जागाच उरली नाही.

डॉक्टर फुरातींनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "फुकटच्या गोष्टीचं असंच असतं, मादाम. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला सी लाझर गाबेसला जातील."

त्या दिवशी ती घरी गेली ती सरळ टेबलाशी जाऊन बसली. नवरा तारक बंदरावर बर्फाच्या कारखान्यात फोरमन होता. त्याने तिच्यापुढे सार्डिनचं ताट ठेवलं, तिने ते तसंच ठेवलं.

"चूक कुणाची?" त्याने विचारलं.

"माझी. भरतंय की नाही हे बघायची सोय मी केली नव्हती. लॉग गोळा करणाऱ्यावर लक्ष ठेवणारं कोणी नको?"

"मग ठेव कोणीतरी. आधी मासे खा, थंड झाले की ते चप्पल लागतात."

दुसऱ्या दिवशी तिने नोंदघर निम्मं मोडून पुन्हा बांधलं. बडबड्या सर्व्हरच्या फालतू ओळी दारातच गाळल्या. प्रत्येक प्रकारच्या नोंदीला वेगळी जागा दिली, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या ताटातलं खाऊ नये. जुनं किती दिवस ठेवायचं ते ठरवलं. जागा कमी पडायला लागली, किंवा एखादं यंत्र अचानक गप्प झालं, तर तिच्या फोनवर निरोप येईल असं केलं. "बोलणाऱ्याची काळजी नसते," ती मबरूकाला म्हणाली, "गप्प झालेल्याची असते."

"माझी सासू गप्प झाली की मलाही तसंच होतं," मबरूका म्हणाली.

पुढचा बुधवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. सर्व्हर नीट चालताहेत म्हणून कुणी हळहळत असेल, तर त्या दोन आठवड्यांत दलिंदा आणि लाझर हळहळत होते. ऑगस्टचा शेवट आला. लाझरच्या बायकोने भांडी बांधायला काढली.

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी दलिंदा सकाळपासून पडद्यासमोर बसून होती. ओळी वर सरकत होत्या, सगळ्यांच्या एका रांगेत, एका घड्याळाने. दहाला अजून काही मिनिटं होती. अचानक स्विचची एक ओळ आली: एका तारेवर जेवढं वाहवतं त्याच्यापेक्षा जास्त येतंय, मी टाकून देतोय. मग दुसरी, मग तशाच ओळींची झुंबड. त्यामागून मोठा सर्व्हर ओरडला: मला डिस्क दिसत नाही. मग त्याच्या पोटातले एकामागून एक. मग डिस्कची पेटी: संपर्क तुटला. आणि मग मोठा सर्व्हर मिटला. पण या खेपेला त्याने शेवटचा शब्द दुसऱ्याच्या हाती देऊन डोळे मिटले होते.

त्यानंतर काही मिनिटांनी, शांतपणे, बॅटऱ्यांची एक ओळ आली: जनरेटरची चाचणी सुरू, प्रवाह ठीक.

दलिंदाने ती ओळ पुन्हा वाचली. मग उठून स्विचपाशी गेली, ती भरून वाहणारी तार हातात धरली आणि तिच्या मागोमाग चालत निघाली. छतातून बोळ, बोळातून जिना, जिन्यावरून वरचा मजला. तार जिथे संपली तिथे ऊतींच्या काचपट्ट्यांचे फोटो काढणारं नवंकोरं यंत्र होतं, वसंतात बसवलेलं. त्याच्यासमोर साबिर नावाचा तंत्रज्ञ तळलेल्या पावाचा फ्रिकासे खात बसला होता.

"साबिर, आत्ता काय चालवलंयस?"

"काही नाही. आठवड्याचे फोटो खाली संग्रहात पाठवतोय. फार मोठे असतात गं, एकेक फोटो म्हणजे रेल्वेचा डबा."

"दर बुधवारी पाठवतोस?"

"पट्ट्या खूप साठल्या तर. नसल्या तर पुढच्या बुधवारी."

"जुलैत एका बुधवारी लाझरने जनरेटर बंद ठेवला होता. तेव्हा पाठवले होतेस?"

साबिरने घास गिळला आणि आठवलं. "तेव्हा मी महदियाला होतो. मामेबहिणीचं लग्न. का, काय झालं?"

दलिंदा तिथेच एका स्टुलावर बसली आणि हसायला लागली. एका लग्नाने एका माणसाला गाबेसच्या गोदामात धाडलं असतं.

दुपारी बैठक झाली. राजधानीचा इंजिनियर फोनवर होता. कुणाला वाटलं असतं की दलिंदा आता त्याला धुऊन काढेल. मबरूका तर त्यासाठीच चहाचा ट्रे घेऊन दाराशी रेंगाळली होती. पण दलिंदाने ओळी वाचून दाखवल्या, क्रमाने, एवढंच. फोनवरच्या माणसाने त्या पुन्हा एकदा वाचायला लावल्या. मग म्हणाला, "मादाम, तुमचं बरोबर आहे. मी एकाचंच ऐकलं."

"तेव्हा बोलणारं एकटंच तेवढं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार?"

साबिरच्या यंत्राला वेगळी तार आणि वेगळा स्विच मिळाला. बुधवार इतर वारांसारखा झाला. डॉक्टर फुराती स्वतः वीजघरात गेले आणि लाझरची माफी मागितली. याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे, कारण तशी त्यांना सवय नव्हती. लाझरच्या बायकोने बांधलेली भांडी सोडली आणि पहिल्याच दिवशी त्यातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ऑक्टोपसचा कुसकुस करून प्रयोगशाळेत पाठवला. फ्रिजात बसून सगळ्यांनी तो खाल्ला. दलिंदाने त्या एका दिवसापुरतं चालवून घेतलं.

गोष्ट इथे संपली असती तर ती हुशारीची गोष्ट झाली असती. पण दलिंदा आठवणीत राहते ती पुढच्या गोष्टीसाठी.

महिन्याभराने डॉक्टर फुरातींनी तिला बोलावलं. कॅपुसिन कॉफी मागवली. खुशीत होते.

"तुझं नोंदघर भारी आहे. माणसं कधी आपला संगणक उघडतात, कधी बंद करतात, कोण कुठल्या फायलीत डोकावतं, हेही त्यात येतं ना?"

"येतं."

"मग मला दर आठवड्याला तेवढं काढून देत जा. कोण उशिरा येतं, कोण लवकर पळतं. शांतपणे. कुणाला सांगायची गरज नाही."

दलिंदाने कपाला हात लावला नाही.

तिचे वडील सी हमादी बेटावर शाळामास्तर होते. जुन्या राजवटीत कहवाखान्यात ते काहीतरी बोलले, किंवा बोललेच नाहीत. कुणीतरी ते टिपून घेतलं आणि वर पाठवलं. त्यांची शाळा गेली. पुढे आयुष्यभर ते मासेमारीच्या जाळ्यांना गाठी मारत राहिले, आणि कहवाखान्यात कधी कुणाबरोबर बसले नाहीत, कारण टिपणारा कोण होता ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कुणीही असू शकत होता. हीच खरी शिक्षा होती. बेटावर अशी घरं कमी नव्हती.

"डॉक्टर, हे मी देणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? यंत्र प्रयोगशाळेचं आहे."

"यंत्र प्रयोगशाळेचं, खरंय. मी ते यंत्रांना काय दुखतंय हे कळायला लावलंय. माणसांच्या मागे लावायचं असेल तर आधी माणसांना सांगा, भिंतीवर लिहा, त्यांच्या प्रतिनिधीची सही घ्या. चोरून नाही."

"मी तुझ्या जागी दुसरा माणूस आणू शकतो."

"आणा. नोंदघर कसं चालतं ते मी त्याला शिकवीन, सगळं शिकवीन. आणि हेही सांगेन."

डॉक्टर फुरातींनी आपला कप संपवून बाजूला ठेवला. ते वाईट नव्हते. हाताशी आलेली सत्ता सोडवत नाही, इतकंच. शेवटी म्हणाले, "काय म्हणतेस ते लिहून आण."

तिने जे लिहून नेलं ते एका पानावर मावलं. माणसांच्या येण्याजाण्याच्या नोंदी थोडेच दिवस ठेवायच्या, मग पुसायच्या. मधल्या काळात उघडायच्या असतील तर दोन किल्ल्या लागतील: एक संचालकांची, एक कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या माणसाची. कारण सांगावं लागेल, आणि ज्याची नोंद उघडली त्याला कळवावं लागेल. तिने नुसतं लिहिलं नाही, नोंदघरात तसं कुलूपच घातलं; तिला स्वतःलाही ते एकटीने उघडेना.

कर्मचाऱ्यांनी हात वर करून मबरूकाला निवडलं. त्या वर्षी दलिंदाची बढती व्हायची होती, ती झाली नाही. तारकने विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, वाटतं. आणि खरंच वाटत होतं. ती काही संत नव्हती. पण त्या शुक्रवारी ती बोटीने बेटावर गेली, आईला सगळं सांगितलं. आई अंगणात बार्लीच्या भाकरी भाजत होती. तिने भाजलेली पहिली भाकरी तेल लावून लेकीच्या हातात दिली.

आता गाबेसची आणि गफ्साची मंडळी नोंदघर कसं लावायचं ते शिकायला दलिंदाकडे येतात. ती त्यांना पहिल्या दिवशी घड्याळं जुळवायला लावते, दुसऱ्या दिवशी डिस्क मुद्दाम भरू देते, आणि शेवटच्या दिवशी कुलूप दाखवते. कंटाळलेला एखादा म्हणतो, मादाम, हे कुलूप आमच्याकडे नसलं तरी चालेल. ती म्हणते, मग नोंदघरही नसलं तरी चालेल.

डॉक्टर फुराती निवृत्त झाले. नवे संचालक आले, तरुण, घाईतले. आठवडाही झाला नसेल, ते मबरूकाच्या खिडकीपाशी आले. रांग चालूच होती.

"मादाम मबरूका, दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे म्हणे. मला एका माणसाच्या नोंदी बघायच्यात."

"कशासाठी?"

"असंच. जरा अंदाज घ्यायला."

मबरूकाने समोरच्या आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, सुई नीट बसवली, नळीत रक्त उतरू दिलं. मग मान वर केली.

"साहेब, 'असंच'ला आमच्याकडे रकाना नाही. कारण सुचलं की या, मी सहापर्यंत आहे. आजोबा, मूठ सोडा आता."